आजीवरच्या पुस्तिकेतून वसुलीचा प्रसंग गाळावा का?

लालबागचा नातू:
गेल्या वर्षी माझी आजी वयाच्या ९० व्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिच्यावर वीसेक पानांची पुस्तिका छापून नातेवाइकांना द्यावी, असे घरात ठरले असून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काका आणि आत्यांनी आठवणी लिहून दिल्या, पण त्या सगळ्यांत आजी पहाटे चारला उठते, स्टोव्हपुढे घाम गाळते आणि सर्वांत शेवटी जेवते. हे खोटे नाही. चाळीतल्या एका खोलीत तिने गिरणी कामगारांची खाणावळ चालवली आणि एके काळी तिच्याकडे तीस मेंबर होते. मला आठवणाऱ्या आजीला मात्र जोखमीची हौस होती.

१९५३ साली, एकोणीस वर्षांची असताना, सहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन ती विजयदुर्गहून बोटीने एकटी मुंबईला आली. रामदास बोट बुडाली त्याला तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती आणि घरच्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकतानाचा क्षण आजी हसत हसत सांगे. “मधी एवढां पाणी!” म्हणून ती दोन्ही हात फाकवी, आणि दर खेपेला ते पाणी थोडे रुंदावलेले असे.

खरी अडचण संपाच्या प्रसंगाची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, पुढे तिचे बहुतेक मेंबर गावी परतले आणि उधारी वहीतच राहिली. त्या वर्षी भातकापणी झाल्यावर ती एस.टी.ने एकटी निघाली आणि देवगड व राजापूर तालुक्यांतल्या अकरा घरी जाऊन आली. रोख पैसे कोणाकडेच नव्हते, म्हणून टपावर चार पोती तांदूळ टाकून ती परतली. थोरल्या आत्यांचे म्हणणे असे, की उपाशी माणसांच्या दारी आई वसुलीला गेली, हे छापणे शोभत नाही. हा भाग गाळावा का?

जुना मेंबर, शिवडी:
गाळू नका. मी १९७४ पासून अशाच एका बाईंकडे जेवत होतो. मेंबरचा हिशोब पगाराच्या दिवशी चुकता व्हायचा आणि गावी गेलेल्याचे खाडे वजा व्हायचे; पण बाईंना तांदूळ, डाळ आणि रॉकेल महिनाभर आधीच भरावे लागे, तेही वाण्याच्या उधारीवर नाहीतर सावकाराच्या व्याजावर. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यामागे हीच गोष्ट होती. मेंबर गावी गेला, तरी वाण्याचा तगादा बाईंच्याच दारी येई. तेव्हा ‘वसुली’ हा शब्द तसाच ठेवा.

संपात मीही दोन महिन्यांचे पैसे थकवून गावी गेलो होतो. आमच्या बाई आल्या नाहीत. आल्या असत्या, तर माझ्या आईने घरात होते ते पुढे ठेवले असते आणि पुढची कितीतरी वर्षे लालबागचा तो रस्ता टाळायची वेळ माझ्यावर आली नसती.

माहीमची वाचक:
प्रसंग ठेवावा, हे मलाही पटते. परंतु आत्यांचे म्हणणे सरसकट झटकू नये. ज्या अकरा घरांतून तांदूळ आला, त्यांची नातवंडे आज मुंबईतच असतील आणि पुस्तिका हातोहात फिरते, म्हणून नावे आणि वाड्या गाळा. दुसरे असे, की ‘धाडस’ नावाचे वेगळे प्रकरण करू नका. तीस माणसांचा स्वयंपाक उधारीच्या शिध्यावर रोज मांडणे हीसुद्धा जोखीमच होती, ती पहाटे चारच्या वर्णनातच दिसली पाहिजे. त्या वेळची वही कोणाकडे आहे का, ते मात्र अवश्य पाहा.

लालबागचा नातू:
दोघांचेही आभार. वही धाकट्या काकांच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत सापडली. अकरा नावांपुढे किती पायली तांदूळ आला, ते आजीने स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिले आहे. त्यांतल्या एका नावापुढे मात्र आकडा नाही, फक्त ‘पोर आजारी, घेतले नाही’ एवढेच आहे. नावे झाकून ते पान जसेच्या तसे छापायला आत्यांनी काल रात्री होकार दिला.

त्याच पानाच्या तळाशी प्रवासखर्च मांडला आहे. एस.टी.च्या भाड्याखाली ‘देवगड, भजी दोन प्लेट’ अशी नोंद वाचून आत्या बराच वेळ हसत होत्या, कारण त्या दौऱ्यात आपण निव्वळ चहा-पाण्यावर काढले, असेच आजीने सगळ्यांना आयुष्यभर सांगितले होते.