मदत हवी आहे: गुजरीतली चोरी आणि पंचनामा

मंडळी, कोल्हापुरात घडणारी एक विनोदी रहस्यकादंबरी लिहितोय. नायक एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा पेला हातात घेऊन तो गावातल्या चोऱ्यांचा छडा लावतो. गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, एक कोल्हापुरी साज गायब होतो, आणि झडतीला पोलीस नेमकं यालाच पंच म्हणून नेतात.

इथंच गाडं अडलंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) लागू झाली आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं. कॅमेऱ्यासमोर सगळे अवघडलेले, त्यात आमचा कंडक्टर साजाचं पान न् पान तिकिटांसारखं मोजणार! प्रसंग मस्त फुलतोय, पण तपशील चुकला तर हसू यायचं नाही.

पोलिसात किंवा कोर्टात काम केलेलं कुणी असेल तर सांगा: चित्रीकरण प्रत्यक्षात कोण करतं, हवालदार मोबाइलवर? पंचांच्या सह्या नेमक्या केव्हा घेतात? पंच मध्येच बोलला तर?

आणि साज घडवणाऱ्या कारागिरांनो, पानांची सगळी नावं हवी आहेत. मासा, कासव, भुंगा एवढी आजीच्या साजावरून ठाऊक आहेत.