उजव्या क्लिकचा मेनू : आधी ‘सेंड टू’ वापरून बघा

विंडोजमध्ये उजव्या क्लिकच्या मेनूत आपले शॉर्टकट घालायला रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात ती जागा) उघडावीच लागते, असं सांगितलं जातं. ते चूक नाही, पण फाइल ठरावीक फोल्डरमध्ये टाकणं किंवा ठरावीक प्रोग्रॅममध्ये उघडणं एवढंच हवं असेल तर त्याच मेनूतला ‘सेंड टू’ हा पर्याय पुरतो; त्याच्या यादीत आपली नावं घालता येतात. विंडोजचं बटण धरून आर दाबा, चौकटीत इंग्रजी अक्षरांत शेल, कोलन, सेंडटू असं सलग टाइप करून एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात हव्या त्या प्रोग्रॅमचा किंवा फोल्डरचा शॉर्टकट टाका. झालं! रीस्टार्टही लागत नाही. मी नोटपॅडचा शॉर्टकट टाकलाय, कुठल्याही एक्स्टेन्शनची मजकूर फाइल लगेच उघडते.

एक मात्र लक्षात ठेवा. फोल्डरचा शॉर्टकट असेल आणि फाइल त्याच ड्राइव्हवर असेल तर ती कॉपी न होता तिकडे हलते, आणि मग मूळ जागी शोधत बसावं लागतं. कॉपी हवी असेल तर ‘सेंड टू’च्या यादीतलं नाव निवडताना कंट्रोल दाबून धरा.

विंडोज ११ मध्ये ‘सेंड टू’ पहिल्या मेनूत दिसत नाही. शिफ्ट धरून उजवं क्लिक केलं की जुना, पूर्ण मेनू थेट येतो.

फाइलवर नाही, तर रिकाम्या जागेवर उजवं क्लिक केल्यावर येणाऱ्या मेनूसाठी मात्र रजिस्ट्रीच लागते. तिथे हात घालण्याआधी जी की (रजिस्ट्रीतला नोंदींचा कप्पा) बदलायची ती एक्सपोर्ट करून, म्हणजे तिची प्रत काढून ठेवाच, अगदी एकच ओळ बदलायची असली तरी.