डी अँड डीमध्ये फायटर (योद्धा) आणि विझार्ड (जादूगार) मिक्स केला, पण एका टर्नमध्ये दोन्ही जमतच नाही. चुकतंय कुठे?

डी२०_वाला:
नमस्कार मंडळी, आम्ही पाच जण दर शनिवारी रात्री डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून टेबलावर कथा खेळायचा खेळ) खेळतो, पाचवी एडिशन, २०१४ चे नियम. मला पहिल्यापासून एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मंत्र असलाच योद्धा हवा होता म्हणून मी व्हेरियंट ह्यूमन (माणसाचाच एक प्रकार) घेऊन फायटर क्लासच्या ३ लेव्हल (सबक्लास बॅटल मास्टर) आणि विझार्डच्या २ असं केलं, स्ट्रेंथ १६, इंटेलिजन्स १४, कॉन (काटकपणा) १४, लाँगसोर्ड आणि ढाल. तिसऱ्या लेव्हलपर्यंत मजा आली पण आता पाचवी लेव्हल झाली आणि मी मागे पडल्यासारखं वाटतंय. आमच्यातली बार्बेरियन एका टर्नमध्ये दोनदा मारते, विझार्ड फायरबॉल टाकतो, म्हणजे ८डी६ (सहा बाजूंचे आठ फासे), समोरचे सगळे एकदम भाजतात, आणि मी एकदा तलवार मारतो नाहीतर एक पहिल्या लेव्हलचा स्पेल टाकतो, ते पण स्लॉट (दिवसात स्पेल टाकायच्या संधी) तीनच. बर्निंग हँड्स हा आगीचा स्पेल टाकला की शत्रू सेव्ह (बचावाचा फासा) करून निम्म्या डॅमेजवर सुटतो. त्यात डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो तुझे दोन्ही हात भरलेत, हाताची खूण लागणारा स्पेल टाकायचा कसा, आणि नियमाने तो बरोबरच आहे.
डीएमने कॅरेक्टर परत बांधायला परवानगी दिलीय, कथा तीच राहील. नाहीतर आपण आपलाच क्लास लिहू असंही तो म्हणतोय. तर बांधू कसा? आणि स्वतःचा क्लास लिहायचा झाला तर सुरुवात कुठून करायची?

ढालतलवार:
अरे तुझं दुखणं स्टॅटमध्ये नाहीये, ते टर्नमध्ये आहे. एका टर्नला एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन, आणि राउंडमध्ये एक रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नला द्यायचं प्रत्युत्तर), एवढंच भांडवल मिळतं. तुझी तलवार पण ॲक्शन मागते, तुझा मंत्र पण ॲक्शनच मागतो, मग दोन अर्धे क्लास जवळ असून दर टर्नला त्यातला एक घरी बसतो. वर तू मिक्स अशा जागी केलंस की फायटरला पाचव्याला एक्स्ट्रा अटॅक (टर्नला दुसरा वार) मिळतो, विझार्डला पाचव्यालाच तिसऱ्या लेव्हलचे स्पेल मिळतात, आणि तू दोन्हीकडच्या पायरीच्या खाली उभा आहेस.
आता हे बघ. सरळ फायटर ५ केलास आणि सबक्लास एल्ड्रिच नाइट (मंत्र येणारा फायटर) घेतलास तर पाचव्या लेव्हलला पहिल्या लेव्हलचे तीन स्लॉट मिळतात. म्हणजे आत्ता तुझ्याकडे आहेत तेवढेच!! आणि वर दोन अटॅक, चौथ्या लेव्हलचं स्टॅट वाढवणं, चांगले हिट पॉइंट. विझार्डचे रिच्युअल (स्लॉट न खर्चता सावकाश टाकायचे स्पेल) आणि आर्केन रिकव्हरी (थोडे स्लॉट परत मिळणं) जाईल, स्पेल पण कमी येतील, पण तुला हवंय ते लढणं असेल तर हा सौदा मला तरी सरळ फायद्याचा दिसतो.
स्पेल निवडताना मी दोनच प्रश्न विचारतो. याला ॲक्शन लागते का, आणि शत्रूच्या सेव्हवर हे अवलंबून आहे का. इंटेलिजन्स १४ वर तुझा सेव्ह डीसी (शत्रूला वाचायला फाशावर लागणारा आकडा) होतो १३, त्याच्यावर भरवसा ठेवायचाच नाही. शील्ड हा स्पेल घे, रिॲक्शनमध्ये एसी (तुला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) ५ ने वाढतो तो तुझ्या पुढच्या टर्नपर्यंत. ॲब्झॉर्ब एलिमेंट्स (आग, थंडी वगैरेचा मार कमी करणारा) घे. हे दोन्ही ॲब्जुरेशन म्हणजे संरक्षणाच्या स्कूलचे (स्पेलच्या गटाचे), त्यामुळे एल्ड्रिच नाइटच्या स्कूलच्या बंधनात बसतात, आणि तिसऱ्या लेव्हलला जो एक मोकळा स्पेल मिळतो तिथे फाइंड फॅमिलिअर (जादूचा छोटा प्राणी साथीला बोलावणारा) टाक. फॅमिलिअर हेल्प करतो, तुझ्या पहिल्या अटॅकला ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा), तुझी एकही ॲक्शन खर्च न होता. मंत्र आणि तलवार मिसळणं मी याला म्हणतो. नुसतं आळीपाळीने एकदा हे एकदा ते केलं की मिसळत नाही.
हाताचं सांगायचं तर ढाल सोड आणि ग्रेटसोर्ड घे. दोन्ही हात फक्त मारताना लागतात, बाकी वेळ एका हाताने धरून दुसऱ्याने मंत्राची खूण करता येते. ढाल सोडवत नसेल तर चौथ्या लेव्हलला वॉर कास्टर फीट (स्टॅट वाढवण्याऐवजी घ्यायचं खास कौशल्य), मग हात भरलेले असले तरी चालतं.
एक सावधगिरी, बूमिंग ब्लेड, म्हणजे तलवारीच्या वारासोबत टाकायचा मंत्र. सगळे सांगतात घे म्हणून, घे पण पाचव्या सहाव्या लेव्हलला तो टाकलास की तो कँट्रिप (स्लॉट न लागणारा मंत्र) आहे म्हणून एक्स्ट्रा अटॅक मिळत नाही, एकच वार आणि १डी८ जास्त. शत्रू तिथून हलणार याची खात्री असेल तेव्हाच वापर, कारण हलला तर आणखी २डी८. सातव्याला वॉर मॅजिक मिळालं की कँट्रिप टाकून बोनस ॲक्शनमध्ये एक वार करता येतो, तेव्हा त्याची खरी मजा.

रात्रीची_ब्लेडसिंगर:
वरचं सगळं पटलं पण मला ब्लेडसिंगरची बाजू मांडायचीय कारण मी गेलं दीड वर्ष तीच खेळतेय आणि माझा जीव आहे तिच्यावर. ब्लेडसिंगर हा विझार्डचा सबक्लास, म्हणजे पूर्ण विझार्डचे स्लॉट, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे सहाव्या लेव्हलला दोन अटॅक आणि त्यातला एक काढून त्याजागी कँट्रिप. एकाच ॲक्शनमध्ये रेपिअरचा वार आणि बूमिंग ब्लेड!! बोनस ॲक्शन तशीच शिल्लक. पहिल्यांदा ते केलं ना तेव्हा वाटलं की हेच तर मला पहिल्या दिवसापासून हवं होतं.
एसीचं गणित, डेक्स १६ इंटेलिजन्स १८ असताना मेज आर्मर या मंत्राने १६, ब्लेडसाँग (ब्लेडसिंगरची खास जादू) चालू केलं की २०, आणि शील्ड टाकला की २५. ऐकायला भारी वाटतं पण आता दुसरी बाजू ऐका. सहाव्या लेव्हलला माझे हिट पॉइंट ३८. एकदा मी हेस्ट (वेग वाढवणारा मंत्र) टाकून सरळ पुढे घुसले, रिॲक्शन आधीच वापरून झालेली, आणि हिल जायंटचा क्रिटिकल (दुप्पट फाशांचा वार) बसला, २८ डॅमेज. कॉन्सन्ट्रेशनचा (मार खाऊनही मंत्र टिकवायचा) सेव्ह डॅमेजच्या निम्मा किंवा १०, जे मोठं ते, म्हणजे १४ हवे होते, ब्लेडसाँगमुळे इंटेलिजन्सचे ४ मिळून पण फासा ३ पडला. हेस्ट तुटला आणि तुटला की पुढचा एक अख्खा टर्न काहीच करता येत नाही, हलता पण येत नाही. जायंटसमोर मी नुसती उभी, आमच्या क्लेरिकने मला ओढून बाहेर काढलं म्हणून वाचले.
तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आत जायचं, मारायचं, बाहेर यायचं, ब्लेडसाँगने १० फूट स्पीड जास्त मिळतोच. आणि फार मार खायचा असेल त्या लढाईत कॉन्सन्ट्रेशन लागत नाही असं काहीतरी, मिरर इमेज वगैरे, आधीच टाकून ठेवायचं. त्यामुळे डी२०_वाला तुला दारात उभं राहून मार झेलायचा असेल तर माझा क्लास तुझ्यासाठी नाही, एल्ड्रिच नाइटच घे. तुझी स्ट्रेंथ १६ आहे तशीही, इकडे डेक्स लागते, जड चिलखत घातलं की ब्लेडसाँग बंद.

जुना_फासा:
मी जरा मागून येतो कारण हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. १९७४ च्या मूळ नियमांत एल्फ हा कधी लढवय्या तर कधी जादूगार म्हणून खेळता यायचा. १९८१ च्या बेसिक सेटमध्ये तर एल्फ हाच एक क्लास, तलवार पण, चिलखत पण, मंत्र पण. मग सगळेच एल्फ का घेत नसत? कारण दुसऱ्या लेव्हलला जायला फायटरला २००० एक्सपी (अनुभवाचे गुण), मॅजिक युजरला २५००, आणि एल्फला ४०००. म्हणजे किंमत वेळेत मोजायची. अशा कॅरेक्टरला लोक गिश म्हणतात तो शब्द पण १९८१ चाच, गिथयांकी नावाच्या जमातीतल्या लढाऊ जादूगारांचं नाव ते.
तिसऱ्या एडिशनने किंमत चिलखतात घेतली, फुल प्लेट घातलं तर ३५ टक्के वेळा मंत्र फसणार. एल्ड्रिच नाइट हा तेव्हा प्रेस्टिज क्लास होता, तिसऱ्या लेव्हलचे स्पेल येत असल्याशिवाय त्यात शिरताच यायचं नाही, म्हणजे साधारण सहा लेव्हल अर्धवट राहून काढायच्या. मी काढल्यात, फार लांबचा रस्ता होता तो.
टर्नचं कोडं माझ्या मते पहिल्यांदा नीट सोडवलं ते २०११ मध्ये पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळातल्या मॅगस क्लासने. एका हातात शस्त्र, दुसरा रिकामा, सगळे वार उणे २ ने करायचे आणि त्याच टर्नमध्ये मंत्रही टाकायचा, शिवाय स्पर्शाचा मंत्र तलवारीतून पोचवायचा, त्याला स्पेलस्ट्राइक. शॉकिंग ग्रास्प तलवारीतून बसला की टेबलावर सगळे ओरडायचे. पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनच्या मॅगसमध्ये (२०२१) स्पेलस्ट्राइकला तीनपैकी दोन ॲक्शन लागतात आणि परत वापरायचा तर एक ॲक्शन देऊन चार्ज करावा लागतो, स्लॉट पण चारच. मोठा घाव घातला की पुढच्या टर्नला दम घ्यायचा, ही लय मला फार आवडते.
स्वतःचा क्लास लिहिणार असाल तर डीएमला म्हणावं आधी किंमत ठरव, पॉवर नंतर.

पडद्यामागचा_डीएम:
जुना_फासा यांच्या मुद्द्याला धरून बोलतो, मी दोनदा असा क्लास लिहिलाय आणि पहिला फाडून टाकावा लागला. पूर्ण कास्टरचे स्लॉट, दोन अटॅक आणि जड चिलखत हे तिन्ही एकदम दिलं होतं, तीन सेशनमध्ये बाकीचे खेळाडू गप्प बसायला लागले, आणि डीएमला टेबल गप्प झालेलं लगेच कळतं. तिन्हीपैकी दोनच द्या. पॅलाडिन क्लास बघा, जड चिलखत आणि दोन अटॅक आहेत तर स्लॉट अर्धे.
आणि पॅलाडिनचा डिव्हाइन स्माइट (स्लॉट खर्चून वाराचं डॅमेज वाढवणं) नीट अभ्यासा. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटला २डी८, पुढे दर लेव्हलला १डी८, कमाल ५डी८. २०१४ मध्ये वार बसल्यावर ठरवायचं होतं, त्यामुळे स्लॉट वाया जात नाही आणि क्रिटिकल पडला की ते फासेही दुप्पट. खेळणाऱ्याला सगळ्यात सुख यातच आहे, पण एकाच टर्नमध्ये दोन दोन स्माइट ठोकून माझे किती बॉस पहिल्या राउंडला आडवे झाले. २०२४ मध्ये तो स्पेल केला आणि बोनस ॲक्शन लावली, म्हणजे टर्नला एकच. तुमच्या क्लासमध्ये तलवारीतून मंत्र जाणार असेल तर हाच लगाम पहिल्या दिवसापासून लावा.
तपासायला साधा हिशोब, पाचव्या लेव्हलला स्ट्रेंथ १८ चा फायटर ग्रेटसोर्डचे दोन्ही वार बसले तर सरासरी २२, फायरबॉल सरासरी २८ पण सगळ्यांना, आणि दिवसातून मोजून दोनतीनदा. तुमचा योद्धा रोजच्या टर्नला २२ च्या जरा खालीच हवा, आणि स्लॉट खर्च केला तर त्या एका शत्रूपुरता २८ च्या वर गेला तरी कुणाची तक्रार येणार नाही.
पण खरं सांगू का, आधी एल्ड्रिच नाइट खेळून बघा. तुमचा डीएम तयार असेल तर २०२४ चा घ्या, त्यात स्कूलचं बंधन काढलंय आणि सातव्याला अटॅकमधला एक वार काढून कँट्रिप टाकता येतो, ब्लेडसिंगरसारखंच.

डी२०_वाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन स्लॉट तेवढेच राहतात हे वाचून मी पुस्तक उघडून दोनदा बघितलं, खरंच तेवढेच आहेत! डीएमशी बोललो, एल्ड्रिच नाइट ५, ग्रेटसोर्ड, चौथ्या लेव्हलला स्ट्रेंथ १८. शील्ड, ॲब्झॉर्ब एलिमेंट्स आणि फाइंड फॅमिलिअर घेतले.
काल खेळलो. फॅमिलिअर घुबड घेतलंय, आम्ही त्याला पिंगळा म्हणतो. तो शत्रूच्या डोक्यावरून झेप घेऊन हेल्प करतो आणि उडून जातो, त्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाताना शत्रू करतो तो वार) लागतच नाही. पहिला वार ॲडव्हांटेजने, दुसरा साधा, मग ओर्कचा १८ आला तेव्हा मी शील्ड टाकून तो अडवला. एकाच राउंडमध्ये तलवार, पक्षी आणि मंत्र तिन्ही चालले, इतके दिवस मला नेमकं हेच पाहिजे होतं. बार्बेरियनवाली म्हणाली आता तू शेजारी उभा असलास की बरं वाटतं.
आता एकच विचारायचंय, तो पिंगळा मेला तर परत बोलवायला स्लॉट, दहा सोन्याच्या नाण्यांचं साहित्य आणि तासभर लागतो, एल्ड्रिच नाइटला रिच्युअल नाही. मग मोठ्या लढाईत त्याला पुढे पाठवायचा की मागेच ठेवायचा? तुम्ही काय करता?

रात्रीची_ब्लेडसिंगर:
समोर आग किंवा ॲसिड ओकणारं काही दिसलं तर मागे ठेव, एका झटक्यात जातो बिचारा, हिट पॉइंट एकच असतो. बाकी वेळी बिनधास्त पाठव. आणि दहा नाण्यांचा कोळसा आणि धूप कायम दोन वेळचा बाळगत जा.