बारावीला ४२ टक्के, नर्सिंगला जायचंय

कळव्याला राहतो. धाकटीला बारावी सायन्सला ४२ टक्के पडले; फिजिक्सने घात केला, इंग्रजीत मात्र ५८. आजीला इन्सुलिन तीच देते, गप्पांत असं गुंतवते की सुई कधी टोचली ते म्हातारीला कळतही नाही. बी.एस्सी. नर्सिंगला ओपनसाठी पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजी मिळून ४५ टक्के लागतात. एक एजंट म्हणतो, 'डोनेशन भरा, सीट पक्की.' काय करावं?

ऐरोलीची ताई: एजंटला आधी वाटेला लावा! जीएनएम बघा, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. बारावी कुठल्याही शाखेची चालते, एकूण ४० आणि इंग्रजीत ४० टक्के हवेत. तीन वर्षं. मी तेच केलं, आज आयसीयूत आहे. पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक केलं की बी.एस्सी. पदवी मिळतेच.

नेरुळकर: मागासवर्गीय असाल तर बी.एस्सी.ला ४० चालतात. पण सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावीच लागते. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे ना, ते पैसे भरण्याआधी बघा. नाहीतर पुढे नर्स म्हणून रजिस्ट्रेशनला बोंब.

मूळ प्रश्नकर्ता: आम्ही ओपनच. जीएनएमला हॉस्टेल सक्तीचं असतं का, ताई? आई तिथेच अडून बसलीय.