प्रति: ऑफ-रोड गाडीचा एकच सेटअप खडकाला आणि वाळवंटाला चालतो का?

"चार इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) आणि मोठे टायर टाकले की दोन्हीकडे भागतं" हे वरचं मत अर्धंच पटलं. टायरचं एक वेळ जमेल, पण गिअरिंग आणि शॉकचं (धक्के शोषणाऱ्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं) काय? खडकावर क्रॉल रेशो, म्हणजे इंजिनाचा वेग चाकापर्यंत किती पट कमी होतो, ते बघा: पहिला गिअर × ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) लो गिअर × डिफरन्शियलचा (अ‍ॅक्सलवरची गिअरपेटी) रेशो. ४ × ४ × ४.१० म्हणजे ६५.६, गाडी मुंगीच्या पावलांनी चढते. लो २.७२ असेल तर तोच आकडा ४४.६ वर येतो; मग मॅन्युअल गाडीत हाफ क्लचवर चढवत राहावं लागतं आणि क्लच जळतो.

वाळवंटात मात्र आधी दगा देतात ते शॉक. लाटांसारख्या खडबडीत पट्ट्यावर सलग वेगात गेलं की आतलं तेल तापून पातळ होतं, फेसाळतं आणि डॅम्पिंगच (उसळी दाबण्याची ताकद) जातं. तिथे जाड बॉडीचे, नायट्रोजन भरलेला वेगळा रिझर्व्हॉयर (जादा टाकी) असलेलेच शॉक घ्या. खडकासाठी सुटा केलेला स्वे बार (वळणावर गाडी झुकू न देणारी दांडी) वेग घेण्याआधी परत जोडाच, नाहीतर वळणावर गाडी फार झुकते. टायरची हवा दोन्हीकडे कमी करायची. वाळूत सहसा १५-१८ पीएसआय पुरे. १० च्या खाली बीडलॉक (टायरची कड रिमला घट्ट धरणारी रिंग) हवाच, नाहीतर टायर रिमवरून निसटतो.