पेशंटचं ऐकायला शिकवण्यासाठी नाटक, गोष्टी वापरता येतात का? नेमकं काय करायचं?

पीएसएम_वऱ्हाड (प्रश्न)

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला १५० विद्यार्थी. एटकॉमचे (वृत्ती, नीती आणि संवाद या विषयाचे) तास २०१९ च्या बॅचपासून अभ्यासक्रमात आहेत, पण स्लाइड आणि हजेरी यापलीकडे फारसं काही होत नाही. फॅमिली अ‍ॅडॉप्शनला (गावातली कुटुंबं विद्यार्थ्यांकडे सोपवतात, तो उपक्रम) पोरं गावात जातात नि फॉर्म भरून परत येतात. रकाना सगळा भरलेला असतो, पण घरची बाई काय म्हणाली ते एकालाही सांगता येत नाही.

दोन गोष्टी हव्या आहेत. एक, ऐकण्याचा सराव. दोन, हीच पोरं घेऊन गावात सिकलसेलवर (रक्ताचा आनुवंशिक आजार) एखादा नाट्यप्रयोग. हाताशी शनिवारचे दोन तास, एक हॉल, प्रोजेक्टर. निधी शून्य. 'संवादाचं महत्त्व' कोणी सांगू नका, ते पाठ आहे. कृती सांगा.

---

वार्ड_नंबर_सात

१५० जण एकत्र बसवून हे होत नाही. १२-१२ चे गट पाडा, आळीपाळीने बोलवा.

पहिला सराव तिघांचा: बोलणारा, ऐकणारा, घड्याळवाला. बोलणाऱ्याने दोन मिनिटं स्वतःच्या एखाद्या साध्या दुखण्याबद्दल बोलायचं. ऐकणाऱ्याच्या हातात पेन नाही, तोंडातून प्रश्न नाही. फार झालं तर 'हं'. दोन मिनिटं ऐकताना फार लांब वाटतात. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं तेव्हा डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटला तोडत होते. त्यानंतर ऐकणाऱ्याने तीच हकिगत 'मी' लावून परत सांगायची. बोलणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: काय गळलं, आणि पदरचं काय घुसलं. दुसरी जास्त कामाची. बोलणारा म्हणाला 'झोप नाही'. ऐकणाऱ्याने सांगितलं 'टेन्शनमुळे झोप नाही'. हे 'टेन्शन' आलं कुठून? निदान इथेच वाकडं व्हायला लागतं.

दुसरा सराव शब्दांचा. 'जीव घाबरते' हे आपल्याकडचं वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, केसपेपरवर काय लिहाल? बरीच पोरं 'अँग्झायटी' लिहितील. पण तेच वाक्य धडधडीला चालतं, धाप लागण्याला चालतं, मळमळीला चालतं, आणि शुगरच्या गोळीवरचा माणूस उपाशी राहिला तर त्यालाही चालतं. पुढचा प्रश्न ठरलेला हवा: 'घाबरते म्हणजे नेमकं काय होते, आजी?' असे शब्द गटाने वहीत जमवायचे: पेशंटचा शब्द, त्याचे तीन-चार अर्थ, पुढे विचारायचा प्रश्न. 'अंगावरून पांढरं जाते' हे तर बहुतेक वेळा उठता उठता, दाराशी गेल्यावर सांगितलं जातं, म्हणून 'अजून काही?' हा प्रश्न पेन खाली ठेवून विचारायला शिकवा. गडचिरोलीतल्या दोन गावांचा डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात तपासलेल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के.

तिसरं लेखन. कोलंबिया विद्यापीठाच्या रिटा शॅरन यांची 'समांतर केसपेपर'ची पद्धत घ्या. केसपेपरवर जे लिहिता येत नाही ते वेगळ्या पानावर, साध्या भाषेत, एकच पान. मराठी, वऱ्हाडी, हिंदी, जे येईल त्यात. पान गटात मोठ्याने वाचायचं. चर्चा मजकुराची करायची, लिहिणाऱ्याच्या स्वभावाची नाही. 'तू फार हळवा आहेस' असं कोणी म्हणालं की पुढच्या शनिवारी सगळे गुळगुळीत लिहून आणतात.

आणि एक धोका. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं नाही. 'तीन एकर, दोन पोरी, नवरा गेल्या पोळ्याला वारला' एवढ्यावर अख्खं गाव बोट दाखवतं. शेती, मुलं, सण, गाव यातलं निदान दोन बदलायला लावा आणि पानं मोबाइलवर फिरू देऊ नका.

---

झाडीतला_सूत्रधार

सिकलसेलवरच्या नाटकांचा ठरलेला साचा असतो: दारुडा बाप, रडणारी माय, शेवटी पांढरा कोट घालून भाषण. लोक दारुड्याला हसतात आणि भाषणाला उठतात. तो साचा सोडा, फोरम पद्धतीने बसवा, म्हणजे बघणाऱ्यांनीच मधे येऊन खेळ बदलायचा. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची ती पद्धत, पण आपल्याकडच्या माणसाला परकी वाटत नाही. गाडगेबाबांचं कीर्तन समोरच्यांना प्रश्न विचारतच पुढे जायचं.

प्रवेश सात-आठ मिनिटांचा, त्यात एकच अडचण, आणि शेवट वाईट. उदाहरणार्थ: रात्री दोन वाजता १४ वर्षांच्या सिकलसेलच्या पोराला मामा दवाखान्यात आणतो. हाडं फुटल्यासारखी दुखतात. ड्युटीवरचा म्हणतो, 'सुई घ्यायची सवय लागली याले.' मामा गप्प बसतो. पोराला घेऊन परत जातो. संपलं.

मग सूत्रधार सांगतो, हेच पुन्हा होईल. जिथे वाटेल तिथे 'थांब' म्हणा, मामाच्या जागी या आणि करून दाखवा. जागा घ्यायची ती अडचणीतल्या माणसाची. डॉक्टरला एकदम देवमाणूस करून टाकायला परवानगी नाही, नाहीतर खेळ तिथेच मिटतो. कोणी म्हणालं 'आमदाराले फोन लावतो', तर सूत्रधाराने लोकांनाच विचारायचं, 'दोन वाजता उचलंल का?' हशा होतो आणि लोक स्वतःच खऱ्या उपायावर येतात: सिकलसेलचं कार्ड दाखवणं, 'याला एसएस आहे' (म्हणजे सिकलसेलचा आजार आहे) हे पहिल्या वाक्यात सांगणं, आधी कोणतं औषध दिलं होतं त्याची चिठ्ठी जवळ ठेवणं.

उद्धट डॉक्टरचं काम विद्यार्थ्यालाच द्या. ते टाळायची त्यांची खटपट असते.

बिघडतं कुठे? माइक लावला की बिघडतं, कारण 'थांब' म्हणणारा माणूस माइकपर्यंत चालत येत नाही. पारावर गोल बसवा, ६०-७० माणसं पुरे. पुण्या-मुंबईच्या पोरांनी झाडीबोलीची (पूर्व विदर्भातली बोली) नक्कल केली की लोकांना ती टिंगल वाटते. त्यांनी आपल्या भाषेत बोलावं. संवाद आधी आशाताईला वाचून दाखवा. कोरकू किंवा माडिया बोलणाऱ्या गावात दोन्ही भाषा येणारा सूत्रधार नसेल तर जाऊच नका.

वेळही बघा. धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत कोणी मिळणार नाही. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) सुरू झाली की वडशाच्या नाटक कंपन्यांचं नाटक रात्रभर चालतं, त्या रात्री तुमच्याकडे कोण बघणार? आदल्या दिवशी करा, रात्री साडेआठला. त्याआधी बायका चुलीपाशी असतात.

---

समुपदेशन_खोली

वरचं सगळं बरोबर, पण 'चारात एक' हे वाक्य नाटकात उच्चारायच्या आधी थांबा. नवरा-बायको दोघंही एएस (वाहक: दोष अंगात, पण आजार नाही) असतील तर 'चार मुलांत एक आजारी' असं सांगतात आणि लोक हिशेब लावतात: एक झालं, आता तीन चांगली होतील. हिशेब साफ चुकीचा. प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तेवढीच: एसएस २५ टक्के, एएस ५० टक्के, एए (दोषच नाही) २५ टक्के.

हे बोलून पटत नाही. करून दाखवायचं. दोन वाट्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत दोन मणी, एक लाल, एक पांढरा. आकार आणि गुळगुळीतपणा अगदी सारखा हवा. ज्वारी आणि तूर घेऊ नका, बोटांना फरक कळतो आणि माणूस नकळत निवडतो. लोकांमधून दोघांना बोलवा, डोळे मिटून एकेक मणी काढायला सांगा. दोन लाल म्हणजे एसएस. एक लाल, एक पांढरा म्हणजे एएस, म्हणजे वाहक. दोन्ही पांढरे, एए. भिंतीवर खडूने रेघ मारा आणि मणी परत वाटीत टाका. सगळी मेख या परत टाकण्यात आहे. घाईत तेच राहून जातं, मग खेळच 'एक झालं, आता सुटलो' शिकवतो. निदान १६ वेळा काढा. एसएस चारच येतील असं नाही; सहा येतील, एक येईल. लोक विचारतील 'असं कसं?' त्या प्रश्नासाठीच तर हा खेळ.

मग एका वाटीत दोन्ही पांढरे ठेवून पुन्हा काढा. दोन लाल कधीच येत नाहीत. 'वाहकाने लग्नच करू नये' हा गैरसमज इथे भाषणाशिवाय मोडतो. त्या वेळी कोणत्याही खऱ्या जोडप्याला किंवा कार्डवाल्याला पुढे बोलवू नका, आणि आईच्या वाटीकडेच बघून बोलू नका. दोष सुनेवर ढकलायला गाव तयारच असतं.

संहितेत आणखी दोन चुका हमखास सापडतात. सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक तपासणी) पॉझिटिव्ह आली की 'आजार निघाला' असं दाखवतात. ती चाचणी एएस आणि एसएस वेगळं करत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी तपासणी लागते. आणि हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध दुखलं की घ्यायची गोळी म्हणून दाखवतात. ती ज्याला दिली त्याने रोज घ्यायची असते.

---

पीएसएम_वऱ्हाड

मण्यांचं याच शनिवारी करून बघतो. एक अडलं आहे: वरिष्ठ विचारतात, याला गुण कसे द्यायचे?

---

वार्ड_नंबर_सात

समांतर पानाला गुण देऊ नका. दिले की पोरं गुणांसाठी रडकं लिहितात. गुण ऐकण्याला द्या. गावातला एखादा नट पेशंट म्हणून बसवा आणि त्याला एका पानावर तीन भाग लिहून द्या: आपणहून सांगायचं, विचारलं तरच सांगायचं, दोनदा विचारल्यावर सांगायचं. 'पहिली दोन मिनिटं रडायचं नाही' हेही लिहा. नटांना आवरावं लागतं. आठ मिनिटांनंतर विद्यार्थ्याने पेशंटचं म्हणणं त्याच्यासमोर परत सांगायचं, आणि तिन्ही भागांतलं किती आलं, पदरचं किती घुसलं, एवढंच मोजायचं. पदरच्या प्रत्येक गोष्टीला अर्धा गुण वजा.