उन्हात तापलेली इलेक्ट्रिक गाडी, आणि मागच्या सीटवर लहान मूल

मागची_सीट:
नमस्कार मंडळी. आमची गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे, बॅटरी साधारण ४० किलोवॉट-तासांची, छत काचेचं. दिवसभर ती उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. तिथं सावलीही नाही आणि चार्जरही नाही. दुपारी मुलीला आणायला निघते तेव्हा दार उघडताच गरम हवेचा भपका तोंडावर येतो. एसी लावला की पुढे मला दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं, पण मागे एसीची जाळी नाही, त्यामुळे लेक अर्ध्या वाटेपर्यंत घामाघूम असते. तिच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल तर इतकं तापतं की मी आधी स्वतःचं मनगट लावून बघते आणि मगच पट्टा अडकवते.

ॲपवरून आधीच एसी सुरू करता येतो, पण प्लग लावलेला नसताना तसं केलं तर रेंज (एका चार्जिंगमध्ये गाडी धावते ते अंतर) किती जाईल, याची धास्ती वाटते. घरचे म्हणतात काचा बोटभर खाली ठेव. कुणी म्हणतं एसी अगदी 'लो'वर (सर्वांत कमी तापमानावर) टाक म्हणजे पटकन गार होईल. आणि काचेच्या छताला आतून पडदा लावून काही फरक पडतो का? ज्यांनी करून बघितलंय त्यांनी सांगा.

गारवा_मेकॅनिक:
ताई, गाड्यांच्या एसीचं काम करण्यात माझं आयुष्य गेलं आणि हल्ली माझ्याकडे इलेक्ट्रिक गाड्याच जास्त येतात. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे, ती आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप सुटेल.

गाडीतली हवा गार करणं अगदी सोपं काम आहे. केबिनमध्ये हवा असते जेमतेम तीन घनमीटर, म्हणजे वजनात तीन-साडेतीन किलो. ती ३० अंशांनी उतरवायला २५ ते ३० वॉट-तास पुरतात. बॅटरीच्या मानाने हे काहीच नाही. खरी उष्णता साठलेली असते डॅशबोर्डमध्ये, सीटच्या फोममध्ये, काचेत, छताच्या अस्तरात. समजा हे सगळं सामान शंभर किलो धरलं आणि ते २५ अंशांनी उतरवायचं म्हटलं, तर पाऊण ते एक किलोवॉट-तास लागतो. म्हणून तुम्हाला पुढे गार हवा लागते आणि तरी गाडी 'आतून तापलेली' वाटते. तुमच्या तोंडावर गार झोत येतोय, पण लेक बसलीय तापलेल्या फोमवर आणि डोक्यावर तापलेली काच आहे.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ऊन आत येऊच न देणं. तळपत्या उन्हात चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट ऊर्जा येते आणि त्यातली निम्मी डोळ्यांना न दिसणारी अवरक्त असते. काच हे ऊन आत सोडते, पण तापलेला डॅशबोर्ड जी उष्णता परत फेकतो ती बाहेर जाऊ देत नाही, आणि बंद दारांमुळे गरम हवाही निसटत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी गाड्या उभ्या करून मोजमाप घेतलं होतं. बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान असताना, तासभर उन्हात राहिलेल्या गाडीत हवा सरासरी ४७ अंश, सीट ५१, स्टीअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्ड ४८ वर थांबला. एकवीस अंशांचा फरक फक्त सावलीचा!

तुम्हाला सावली मिळत नाही, मग ती सोबत न्या. पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावा, चंदेरी बाजू बाहेर आणि काचेला अगदी चिकटून. कडेला फटी राहिल्या तर त्यातून येणारं ऊन नेमकं डॅशबोर्डच्या काळ्या भागावर पडतं. छतालाही पडदा लावाच. पडदा स्वतः तापतो आणि थोडी उष्णता आत सोडतो, हे खरं आहे. पण लेकीच्या डोक्यावर आणि सीटवर थेट पडणारं ऊन तो अडवतो आणि तुम्हाला तेच हवंय. बाहेरून घालायचं कव्हर याहूनही चांगलं, कारण ते काच तापण्याआधीच ऊन परतवतं. पण रोज काढा-घाला करायला जमलं पाहिजे. मला विचाराल तर जे रोज होईल तेच घ्या.

गाडी लावताना सगळे सांगतात की दुपारनंतर ऊन पश्चिमेचं असतं, म्हणून गाडीचं तोंड पूर्वेला करा. तुमच्या बाबतीत मी उलट सांगेन. तोंड पश्चिमेलाच करा आणि पुढच्या काचेला पडदा लावा. म्हणजे उतरतं ऊन पडद्यावर आदळेल आणि मागची सीट वाचेल. लेकीच्या सीटवर एखादी फिकट रंगाची जाड चादर टाकून ठेवा आणि बक्कल गादीच्या खाली सरकवून ठेवा. चटक्याचा प्रश्न तिथेच संपतो. तरी मनगट लावून बघायची सवय मात्र सोडू नका, ती फार चांगली आहे.

आता रेंज. गाडी तापलेली असताना एसी सुरुवातीला तीन किलोवॉटच्या आसपास, काही गाड्यांत त्याहून जास्त घेतो. तीन किलोवॉट दहा मिनिटं चालला म्हणजे अर्धा किलोवॉट-तास. तुमच्या बॅटरीत तो सव्वा टक्का होतो, म्हणजे तीन-चार किलोमीटर. घरी प्लग लावलेला असेल तर ही वीज शक्यतो भिंतीतूनच घ्यावी, पण पार्किंगमध्ये सव्वा टक्क्यासाठी लेकीला भट्टीत बसवू नका. बिनधास्त आधी सुरू करा.

आणि 'लो' कशाला? ऑटोमॅटिक एसी असेल तर २४ लावलं तरी गरम गाडीत कॉम्प्रेसर सुरुवातीला पूर्ण वेगानेच फिरतो. 'लो'मुळे तो जास्त जोरात फिरत नाही, फक्त गाडी गार झाल्यावरही थांबत नाही. नॉब फिरवायचा साधा एसी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे सुरुवातीला पूर्ण फिरवा आणि मग कमी करा.

दुपारची_पाळी:
दादांचं सगळं मान्य, पण काचा थोड्या खाली ठेवण्याचं काय? मी वर्षानुवर्षं तेच करतोय आणि मला फरक वाटतो. शिवाय निघताना एका बाजूची काच पूर्ण खाली करायची आणि समोरचं दार चार-पाच वेळा उघडझाप करायचं. भपका सगळा बाहेर जातो. ताई, हे करून बघा, फुकट आहे.

गारवा_मेकॅनिक:
दाराची युक्ती चांगली आहे, मीही करतो. ६० अंशांची हवा ढकलून बाहेरची ३८ ची घेतली तर एसीचं सुरुवातीचं काम वाचतं. फक्त त्याने सीट गार होत नाही एवढं लक्षात ठेवा.

काचांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. २००५ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकी नियतकालिकात यावर अभ्यास छापून आला होता. काचा सुमारे ४ सेंटिमीटर खाली ठेवूनही गाडीचं आतलं तापमान जवळपास तेवढंच चढलं. एकूण वाढीतली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. म्हणून 'काच उघडी आहे, पाच मिनिटांत येतो' असं म्हणून मुलाला कुणीही गाडीत सोडू नये. एसी चालू ठेवूनसुद्धा नको. ॲपवरून सुरू केलेला एसी बऱ्याच गाड्यांत ठरावीक वेळाने आपोआप बंद होतो आणि तुम्हाला कळतही नाही. टेस्लासारख्या काही गाड्यांत केबिन ४० अंशांच्या आसपास रोखून धरायची सोय आहे, पण चार्ज कमी झाला की तीही थांबते. ती सोय गाडीतल्या वस्तूंसाठी समजा, माणसांसाठी नाही.

ताई, तुमच्या मागच्या सीटचं राहिलंच. मधल्या दोन जाळ्या स्वतःच्या तोंडावर न धरता दोन सीटच्या मधून, छताच्या थोडं खाली, मागे जातील अशा वळवा. गार हवा जड असते, ती मागे जाऊन आपोआप खाली उतरते. पहिली दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या आणि काचा उघड्या ठेवा, मग काचा बंद करून आतलीच हवा फिरवा. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्यायची, नाहीतर कार्बन डायऑक्साइड साठून झोप यायला लागते. आणि सर्वांत महत्त्वाचं: तुमच्या गाडीत 'फक्त ड्रायव्हर' असं बटण आहे का बघा. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत वीज वाचवायला ते असतं. ते चालू असेल तर बाकीच्या जाळ्यांतून हवा जवळजवळ येतच नाही. इको मोडमध्येही काही गाड्या कॉम्प्रेसरला लगाम घालतात.

लांबचा_पल्ला:
थोडं विषयाला धरूनच विचारतो. भर उन्हात फास्ट चार्जिंगला लावून आत बसलो की माझा एसी मंदावतो. चार्जिंग संपलं की पुन्हा छान. गॅस कमी झालाय का? आणि काळा रंग घेतला त्याचाही हा परिणाम का?

गारवा_मेकॅनिक:
चार्जिंग संपल्यावर कूलिंग परत येतं ना? मग गॅस कमी असण्याची शक्यता कमी. तुमच्या गाडीत एकाच कॉम्प्रेसरवर दोन गिऱ्हाईकं आहेत, केबिन आणि बॅटरी. फास्ट चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, तेव्हा गॅसचा मोठा वाटा बॅटरीभोवती फिरणाऱ्या पाण्याला गार करायला जातो. गाडी बॅटरीला आधी जपते आणि ते योग्यच आहे. चार्जर सावलीत असेल तर तो निवडा आणि चार्जिंगला लावण्याआधी केबिन नीट गार करून घ्या.

रंगाने फरक पडतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक शेजारी-शेजारी उन्हात ठेवून बघितल्या. काळ्या गाडीचं छत चंदेरीपेक्षा २५ अंशांपर्यंत जास्त तापलं, केबिनची हवा पाच-सहा अंशांनी. पण तुमच्या एसीचं मंदावणं हे चार्जिंगमुळेच.

मागची_सीट:
दादा, 'फक्त ड्रायव्हर' चालूच होतं! स्क्रीनवर एका कोपऱ्यात, सीटच्या चित्राखाली. बंद केलं आणि मधल्या जाळ्या तुम्ही सांगितल्या तशा वळवल्या, तर मागे हात धरून बघितल्यावर झोत लागतोय. पडदे मागवलेत. अजून एकच विचारते. हळूहळू चालणाऱ्या गर्दीत रेंज फार भराभर उतरते असं वाटतं. तिथे एसी कमी करावा का? आणि गेल्या उन्हाळ्यापेक्षा यंदा एकूणच हवा कमी जोरात येते, कुठल्याही एसीवाल्याकडे गॅस भरून घेऊ का?

गारवा_मेकॅनिक:
गर्दीत तसं वाटतं ते बरोबर आहे. गाडी गार झाल्यावर एसी तासाला साधारण एक किलोवॉट-तास घेतो, गाडी धावो की थांबो. ताशी ८० ने जाताना तो किलोमीटरमागे साडेबारा वॉट-तास पडतो, ताशी २० ने रेंगाळताना ५०. पण रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्याला तो बॅटरीचा एक-दोन टक्केच खातो. लेक मागे असताना कमी करू नका.

हवा जोरात येत नाही म्हणजे बहुतेक केबिन फिल्टर तुंबलाय. डॅशबोर्डचा खण काढला की बऱ्याच गाड्यांत तो हाती लागतो. काढून उजेडासमोर धरा. उजेड आरपार दिसला नाही तर बदला. गाडीच्या नाकाशी असलेल्या जाळीमागे कंडेन्सरवर (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागावर) पानं, किडे, धूळ अडकली असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराचा फवारा मारला तर पातळ पत्रे वाकतात.

हे करूनही गार हवा कमीच वाटली तरच गॅसचं बघा, आणि 'कुठल्याही' एसीवाल्याकडे मुळीच नको. पेट्रोल गाड्यांच्या बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये पीएजी तेल असतं. तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि मोटर त्या तेल-गॅसच्या आतच फिरते. म्हणून तिथे वीज न वाहू देणारं, सहसा पीओई प्रकारचं तेल लागतं. गॅस भरायच्या मशीनच्या नळीत आधीच्या गाडीचं पीएजी राहिलं आणि ते आत गेलं, तर इन्सुलेशन खराब होतं आणि सुरक्षेसाठी गाडी सुरू व्हायलाच नकार देऊ शकते. गॅस भरायला गेलात तर आधी दोन गोष्टी विचारा: इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मशीन वेगळं आहे का, आणि तेल कुठलं घालणार. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, बऱ्याचदा तेलही. त्याचा फोटो काढून सोबत न्या. उत्तर देताना समोरचा अडखळला तर गाडी तशीच परत आणा.